माघे संक्रांती : नेपाळच्या घरातला सण आणि वर्षाचा निर्णय



जानेवारी उजाडला की आपल्या इंदुरातील मराठी घरांत तीळ निवडणे सुरू होते. सुगडी येतात, हळदीकुंकवाच्या याद्या होतात आणि मुले गिल्ली-दांडू शोधू लागतात. हा सण आपला आहेच. पण त्याच दिवशी, त्याच सूर्याला नमस्कार करून नेपाळमधील घरांतही तीळ, गूळ आणि तूप यांचे ताट मांडले जाते. तिकडे या सणाला 'माघे संक्रांती' म्हणतात. या अंकातील पाठासाठी आम्ही तीच निवडली आहे.

निवडण्याची कारणे दोन. एक म्हणजे शेजारच्या घरचा सण समजून घेतला की आपला सणही जास्त चांगला कळतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. नेपाळच्या पश्चिम तराईत हा दिवस फक्त खाण्यापिण्याचा नाही. घरातील प्रत्येक माणसाचे पुढचे वर्ष कसे जाईल, हे त्या दिवशी ठरते. या एका दिवसाच्या निर्णयामुळे हजारो मुलींची शाळा बुडाली आणि पुढे त्याच दिवसाच्या निमित्ताने अनेकींना ती परत मिळाली. शाळेच्या पत्रिकेत सांगावी अशीच ही गोष्ट आहे.

पौष की माघ?

मुलांचा पहिला प्रश्न हाच असेल. आपली संक्रांत पौषात येते, मग नेपाळची माघात कशी?

आपला मराठी महिना चंद्रावर चालतो. अमावास्या झाली की नवा महिना लागतो. ज्या चांद्र महिन्यात सूर्य मकर राशीत जातो तो आपला पौष. नेपाळचे सरकारी पंचांग मात्र सौर आहे. तेथे विक्रम संवत चालतो आणि वर्ष एप्रिलच्या मध्यास, वैशाखाच्या पहिल्या दिवशी सुरू होते. सूर्य नव्या राशीत गेला की नवा महिना. म्हणजे महिन्याचा पहिला दिवस हीच संक्रांत! महिन्याच्या शेवटच्या दिवसाला ते 'मसान्त' म्हणतात; आपल्या 'मासान्त' या शब्दाचेच ते रूप. सूर्य मकर राशीत गेला की त्यांचा माघ लागतो आणि त्या माघाची पहिली तारीख म्हणजे माघे संक्रांती. ती साधारण १४ किंवा १५ जानेवारीला येते. दिवस एकच, नाव दोन पंचांगांचे.

पौषाला नेपाळी लोक 'पुस' म्हणतात. हिंदीतील 'पूस' आपण रोज ऐकतो, तेव्हा हा शब्द इंदुरातील मुलांना वेगळा शिकवावा लागणार नाही. पुस महिन्यात तिकडे लग्ने करीत नाहीत. माघ लागला की शुभकार्यांची वाट मोकळी होते. त्यामुळे या सणाला थंडी संपत आल्याचा आनंद आहे, तसा कामाला लागण्याचाही आहे.

वरच्या वर्गातील मुलांसाठी एक गोष्ट. दिवस खरोखर मोठा होऊ लागतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास, संक्रांतीला नव्हे. मग उत्तरायण आपण जानेवारीत का मानतो? आपले पंचांग सूर्याची जागा ताऱ्यांच्या आधाराने मोजते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा फार सावकाश डुलतो, त्यामुळे साधारण ७१-७२ वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. सुमारे १७०० वर्षांपूर्वी दोन्ही दिवस एकत्र येत होते. तेव्हापासून साठलेला हा फरक आता तीन आठवड्यांहून अधिक झाला आहे.

आदल्या दिवशीची चूल

आपल्याकडे भोगीला मिश्र भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते. नेपाळी घरांतही सणाची तयारी आदल्या दिवशीच, पुस मसान्ताला होते. त्या दिवशी कंद उकडून ठेवण्याची पद्धत आहे. हे कंद दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ झाल्यावर सगळे मिळून खातात.

या कंदांत मानाचा कंद म्हणजे तरुल. घराच्या परसात लावतात तो 'घर तरुल' आणि रानातून खणून आणतात तो 'बन तरुल'. थंडीत सराफ्यात आपण तळलेला, मसाला भुरभुरलेला गराडू आवडीने खातो ना? तो याच कुळातला. कोकणातले कोनफळही याच कुळातले. म्हणजे नेपाळच्या सणाचा मुख्य पदार्थ इंदूरकरांच्या अगदी ओळखीचा आहे. फक्त तिकडे तो तळत नाहीत, उकडतात. तरुलाबरोबर सखरखंड म्हणजे रताळी आणि पिंडालू म्हणजे अरवी यांसारखे कंदही असतात.

दुसरा मानाचा पदार्थ म्हणजे 'घिउ-चाकु'. घिउ म्हणजे तूप. चाकु म्हणजे उसाचा रस किंवा गूळ आटवून घट्ट केलेली काळपट, चिवट वडी. पाक दाट झाला की तो ओढून, मळून त्याला चिवटपणा आणतात. काठमांडूच्या उत्तरेला टोखा नावाची जुनी वस्ती आहे. तिथला चाकु नावाजलेला असून संक्रांतीच्या आधी तिथल्या घरांत चाकु करण्याची मोठी लगबग असते. चाकुचा तुकडा तुपात बुडवून कंदाबरोबर खातात. शिवाय तिळाचे लाडू, परमलचे लाडू, खिचडी आणि पालेभाजी असते.

हेच पदार्थ का, याचे उत्तर थंडीत आहे. जानेवारीत काठमांडूला पहाटे पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो. तिळाच्या वजनात जवळजवळ निम्मे तेल असते. तूप आणि गूळ शरीराला ऊब आणि बळ देतात. कंद याच दिवसांत जमिनीतून निघतात. जे शेतात तयार आहे आणि जे शरीराला हवे आहे तेच सणाच्या ताटात आले. आपल्या तिळगुळाचे कारणही यापेक्षा निराळे नाही.

डोक्यावर तेल, लेकीला मान

नेपाळ एक देश असला तरी तेथे अनेक समाज आहेत आणि प्रत्येकाची रीत थोडी वेगळी आहे.

काठमांडू खोऱ्यातील नेवार लोक या सणाला 'घ्यःचाकु सँल्हु' म्हणतात. नावातच तूप आणि चाकु आला. त्या दिवशी घरातील आई किंवा वडीलधारी व्यक्ती सर्वांच्या डोक्यावर कोमट मोहरीचे तेल घालून आशीर्वाद देते आणि मग घिउ-चाकु वाढते. आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे आई तेल लावते, त्याची आठवण होते.

पहाटे नद्यांच्या संगमावर स्नानाला गर्दी होते. काली गंडकी आणि त्रिशूली यांच्या संगमावरील देवघाट प्रसिद्ध आहे. काठमांडूच्या आग्नेयेस असलेल्या पनौती गावी दर बारा वर्षांनी माघात महिनाभर मकर मेळा भरतो. उज्जैनचा सिंहस्थ पाहिलेल्या आपल्या मंडळींना बारा वर्षांचा हा हिशेब सांगायला नको.

पश्चिमेकडील डोंगरात राहणाऱ्या मगर समाजाचा तर हा मोठाच सण. त्यांच्यात या दिवशी 'चेलीं'चा म्हणजे लेकी-बहिणींचा मान करतात. त्यांना घरी बोलावून जेवू घालतात.

थारूंची माघी

आता आपण डोंगर उतरून तराईत येऊ. नेपाळच्या दक्षिणेला, भारताच्या सीमेला लागून सपाट प्रदेशाचा पट्टा आहे. त्याच्या पश्चिम भागात दांग, बांके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर हे जिल्हे येतात. येथे थारू समाज पिढ्यान् पिढ्या शेती करीत आला आहे. संक्रांतीला ते 'माघी' म्हणतात आणि हेच त्यांचे नववर्ष.

आदल्या दिवशी सणाच्या जेवणासाठी डुक्कर कापतात. रात्री जागरण आणि गाणी होतात. पहाटे नदीवर स्नान करून आले की धाकटे मोठ्यांच्या पाया पडतात. जेवणात तांदळाच्या पिठाची वाफवलेली 'ढिक्री' असते. शेतातल्या पाण्यातील गोगलगाई म्हणजे 'घोंघी' हाही त्यांचा आवडीचा पदार्थ. आपल्यापैकी अनेकांच्या घरी यांतले काही पदार्थ चालणार नाहीत. पण मुलांनो, दुसऱ्याच्या ताटाला नाक मुरडायचे नाही. ज्याच्या शेतात आणि पाण्यात जे मिळते ते त्याचे अन्न.

स्नान करून आल्यावर तांदूळ, डाळ आणि मीठ बाजूला काढून ठेवतात. त्याला 'निस्राउ' म्हणतात. हा वाटा सासरी गेलेल्या लेकी-बहिणींचा. लेक दुसऱ्या घरी गेली तरी वर्षाच्या पहिल्या दिवशी माहेरच्या धान्यात तिचा वाटा असतो, असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या सवाष्णींना द्यायच्या वाणाशी याचे थोडे नाते लागते; मात्र वाण शेजारणींत फिरते आणि निस्राउ लेकीकडे जातो.

जेवण झाल्यावर घरातील सगळे एकत्र बसतात. या बैठकीला 'माघी देवानी' म्हणतात. या वर्षी शेत कोण पाहील, गुरे कोणाकडे, कोण बाहेर कामाला जाईल, कोणाचे लग्न करायचे, भावांनी एकत्र राहायचे की वेगळे व्हायचे, हे सगळे तेथे ठरते. घरांची बैठक झाली की गावाची होते. गाव आपला प्रमुख निवडतो. त्याला कुठे 'बडघर', कुठे 'मटावाँ', तर कुठे 'भलमन्सा' म्हणतात. पाटाचे पाणी, रस्त्याची दुरुस्ती, भांडणतंटे अशी कामे तो वर्षभर पाहतो. पुढच्या माघीला पुन्हा निवड. अलीकडे काही गावांत हा मान स्त्रियांनाही मिळू लागला आहे.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण लोकशाही शिकतो. येथे ती सणाच्या दिवशी, जेवणानंतर चटईवर बसून चालते.

त्याच दिवसाची दुसरी बाजू

सणाची एवढीच माहिती देऊन थांबता आले असते. पण अर्धी गोष्ट सांगणे हे शिक्षकाचे काम नव्हे.

पूर्वी तराईत हिवताप फार होता, म्हणून बाहेरचे लोक तेथे राहायला धजत नसत. १९५० नंतरच्या दशकांत औषधफवारणीने हिवताप आटोक्यात आला आणि बाहेरून माणसे येऊन स्थायिक होऊ लागली. जमिनीचे कागदपत्र थारूंकडे नव्हते आणि लिहिता-वाचताही येत नव्हते. अनेकांच्या जमिनी गेल्या. त्याच शेतात ते दुसऱ्याचे मजूर झाले आणि कर्जात अडकले. कर्ज फिटेपर्यंत मालकाकडे राबायचे आणि बापाचे कर्ज मुलाच्या माथी यायचे. अशा बांधील मजुराला 'कमैया' म्हणत.

कमैयाचा वर्षाचा करार होण्याचा दिवस म्हणजे माघी! ज्या देवानीत घराने आपले वर्ष ठरवायचे, तिथे आता हे वर्ष कोणत्या मालकाकडे जाणार एवढेच ठरायचे.

मुलींचे हाल तर आणखी वाईट. गरीब घरातील लहान मुली थोड्याशा पैशांसाठी शहरातील किंवा जमीनदाराच्या घरी वर्षभर कामाला पाठवल्या जात. त्यांना 'कमलरी' म्हणत. भांडी, झाडलोट, मालकाची मुले सांभाळणे अशी कामे. ज्या वयात हातात पाटी असायची, त्या वयात राखेने भरलेली कढई आली. त्यांचाही करार माघीलाच होई. चेलीला मान देणाऱ्या, निस्राउ बाजूला काढणाऱ्या सणाच्या दिवशीच घरातली चिमुरडी दुसऱ्याच्या दारी जाई. आईबापांना माया नव्हती असे नाही. पोटाला नव्हते आणि कर्ज होते.

पिलाच्या बदल्यात शाळा

१ मे २००० रोजी कैलाली जिल्ह्यातील कमैयांच्या एका गटाने आपल्या मुक्ततेसाठी सरकारी कचेरीत अर्ज दिले. बघता बघता चळवळ पसरली आणि १७ जुलै २००० रोजी नेपाळ सरकारने कमैया पद्धत बंद झाल्याचे जाहीर केले. २००२ मध्ये त्याचा कायदा झाला. कर्जे रद्द झाली. पण मुक्त झालेल्या कुटुंबांना मालकाच्या झोपड्या सोडाव्या लागल्या आणि जमीन मिळायला अनेकांना वर्षानुवर्षे लागली. पोटाचा प्रश्न तसाच राहिला आणि मुलींना कामाला पाठवणे लगेच थांबले नाही.

त्याच २००० साली ओल्गा मरे या अमेरिकन वकील बाईंनी स्थापन केलेल्या संस्थेने दांगमध्ये एक साधा उपाय सुरू केला. ही संस्था आज नेपाळ यूथ फाउंडेशन या नावाने ओळखली जाते. मुलीला कामाला न पाठवणाऱ्या कुटुंबाला डुकराचे किंवा बकरीचे एक पिलू द्यायचे. उरल्यासुरल्या अन्नावर ते वाढेल आणि वर्षाअखेर विकले की मुलीच्या मजुरीइतके पैसे घरात येतील. मुलीच्या शाळेचा खर्च संस्था करील. ज्या घरांत वीज नव्हती तेथे अभ्यासासाठी कंदील आणि रॉकेलही दिले. संस्थेच्या सांगण्याप्रमाणे पुढील वर्षांत बारा हजारांहून अधिक मुलींची या कामातून सुटका झाली. ओल्गाबाई २०२४ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी वारल्या.

पण या कामाचे खरे बळ सुटून आलेल्या मुलींचे होते. माघीच्या दिवसांत त्या गावोगावी मोर्चे काढीत, पथनाट्ये करीत आणि आपली हकीकत लोकांसमोर मांडीत. २०१३ मध्ये घरकामाला ठेवलेल्या एका १२ वर्षांच्या मुलीचा भाजून मृत्यू झाला. त्यानंतर या मुली रस्त्यावर उतरल्या. २७ जून २०१३ रोजी सरकारने कमलरी पद्धत संपल्याची घोषणा केली.

दांगच्या शांता चौधरी यांचे नाव मुलांनी लक्षात ठेवावे. लहानपणी शाळेऐवजी त्यांच्या वाट्याला कमलरीचे काम आले आणि त्यांनी ते १८ वर्षे केले. २००८ मध्ये नेपाळची राज्यघटना लिहिण्यासाठी जी संविधान सभा निवडली गेली, तिच्या त्या सभासद झाल्या.

आपल्या घरासाठी

या पाठातून आम्हाला सांगायचे आहे ते थोडक्यात असे. सणाची गोडी तिळात आणि चाकुत आहेच, पण त्या दिवशी घरातील मुलांबद्दल आपण काय ठरवतो यात ती जास्त आहे. लेकीचा वाटा धान्यात काढायचा आणि तिचे शिक्षण मात्र काढून घ्यायचे, असे झाले तर तो वाटा कोरडा. तोच सण, तीच चटई, तेच ताट. एका पिलाने आणि एका पाटीने त्याचा अर्थ बदलला.

पालकांना आमची विनंती आहे की, या संक्रांतीला तिळगूळ वाटून झाला की आपणही घरात अर्धा तास देवानी भरवावी. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. मोठ्यांनी वर्षाचा विचार सांगावा आणि मुलांना बोलू द्यावे. दहावीनंतर मुलीला काय शिकायचे आहे, हे तिच्याकडून ऐकावे. "आत्याच्या लग्नाच्या तयारीला घरी राहा, एक आठवडा शाळा बुडली तर काय होते!" हे वाक्य मुलाला आपण किती वेळा म्हणतो आणि मुलीला किती वेळा, याचाही हिशेब तेव्हा व्हावा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आपल्या देशात १४ वर्षांखालील मुलाला घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. हळदीकुंकवाच्या दिवशी स्वयंपाकघरात कपबशा विसळणारे हात कोणाचे आहेत, हे प्रत्येक घराने पाहावे. ते हात लहान असतील तर त्या मुलीला शाळेची वाट दाखवणे हेच त्या घराचे वाण. आपल्या ओळखीत असे मूल असेल तर पालकांनी शाळेत येऊन बोलावे. प्रवेशाचा विचार आम्ही करू, आणि पाठबळ देण्याची विनंती विश्वस्त मंडळींना याच पानावरून करतो.

स्वाध्याय

१. माघे संक्रांती आणि आपली मकर संक्रांत एकाच दिवशी येऊनही महिना वेगळा का? आपल्या शब्दांत लिहा.

२. आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणी भोगीला आणि संक्रांतीला घरात कोणकोणते कंद, भाज्या आणि धान्ये येत? त्यांतली कोणती आता मिळत नाहीत?

३. नकाशात काठमांडू, देवघाट, दांग, बर्दिया आणि कैलाली ही ठिकाणे दाखवा.

४. तरुल, चाकु, निस्राउ, देवानी आणि बडघर या शब्दांचा अर्थ सांगून प्रत्येकाचे एक वाक्य करा.

५. करून पाहा (मोठ्यांच्या देखरेखीखाली) : गराडू किंवा रताळे सालासकट धुऊन मऊ उकडा. साल काढून फोडी करा. गरम तूप आणि चिरलेला गूळ घेऊन खा. कच्चा गराडू सोलताना हाताला खाज येते, म्हणून हाताला तेल लावावे.

६. चर्चा करा : आपल्या घरच्या 'देवानी'त तुम्हाला एकच गोष्ट मांडायची असेल तर ती कोणती? पाच ओळी लिहून वर्गशिक्षकांकडे द्या. त्यांतील निवडक मजकूर पुढच्या अंकात नावाशिवाय छापू.

आपल्या वस्तीत, दुकानात किंवा कचेरीत एखादे नेपाळी कुटुंब असेल तर संक्रांतीला त्यांना तिळगूळ जरूर द्या आणि म्हणा, "माघे सङ्क्रान्तिको शुभकामना!" त्यांच्याकडे सण कसा होतो तेही विचारा. आम्ही लिहिले त्याहून अधिक ते सांगतील.

सर्वांना संक्रांतीच्या शुभेच्छा. तिळगूळ घ्या, गोड बोला.